सारख्या होड्या घ्यायच्या, की मुलांना आपापली होडी घडवू द्यायची?

प्रश्न

कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. आठ-नऊ कुटुंबांनी मिळून मुलांसाठी शिडाच्या होड्यांचा क्लब काढायचं ठरवलंय. थोडे पैसे जमलेत, जेटीजवळ एक रिकामी शेडही मिळते आहे. पण पालकांत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, सरळ ऑप्टिमिस्ट या मुलांच्या छोट्या शिडाच्या होड्या घ्या. सगळ्या एकसारख्या, जगभर चालणाऱ्या; उद्या पोरं नॅशनल्सला गेली तर तिथेही हीच होडी. दुसऱ्या तटाचे पुढारी मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले एक चीफ इंजिनिअर काका आहेत. त्यांचं म्हणणं, फक्त लांबी आणि शिडाचं क्षेत्रफळ ठरवून द्या. आकार, रुंदी, सुकाणू, डोलकाठी ज्याची त्याने ठरवावी. गावात होड्या बांधणारा सुतार आहे, त्याला काम मिळेल आणि मुलांचं डोकं चालेल. पत्रलेखकांचा कल काकांकडे आहे. त्यांची मुलगी अकरा वर्षांची. मे महिन्यात मुंबईतल्या एका शिबिरात ती ऑप्टिमिस्ट चालवायला शिकली, आणि तेव्हापासून वहीची मागची पानं होड्यांच्या चित्रांनी भरते आहे. वडील लिहितात: 'साच्यातून काढलेल्या होडीत तिची कल्पकता मरेल असं वाटतं, आणि मोकळा नियम धरला तर पुढची वाट बंद होईल अशी भीती वाटते. तिला विचारलं तर ती एवढंच म्हणते, मैत्रिणीबरोबर एका होडीत बसायला मिळालं पाहिजे. काय करावं?'

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. मुलीला मैत्रिणीबरोबर बसायचंय. ऑप्टिमिस्ट ही एकट्याने चालवायची होडी आहे. अगदी नवशिकी, लहान चणीची दोन मुलं तिच्यात मावतात, पण शर्यतीला बसायचं ते एकट्यानेच. काकांच्या मोकळ्या नियमातही होडीत माणसं किती, हे कुणी ठरवल्याचं दिसत नाही. म्हणजे गेले काही महिने मोठी माणसं 'सारखी की मोकळी' यावर भांडताहेत, आणि जिच्यासाठी हे चाललंय तिचा प्रश्न 'एकटी की दुकटी' हा आहे. तो धरूनच पुढे जाऊ, पण आधी तुमच्या दोन्ही भीती जरा उलगडून बघू या.

पहिली भीती, साच्यातल्या होडीत कल्पकता मरेल. यामागे एक गृहीतक आहे: नियम मोकळा असला की मूल रचना करेल. खरंच करेल का? अकरा वर्षांचं मूल होडीचं चित्र काढू शकतं, पण प्लायच्या फळ्या कापून, तारेने शिवून, इपॉक्सी लावून, घासून, रंगवून होडी पाण्यात घालायला मोठ्या माणसाला कित्येक शनिवार-रविवार लागतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात कुठला प्रकल्प मुलाने केला आणि कुठला वडिलांनी, हे दारातूनच कळतं. जेटीवरही तसंच कळेल. ज्या घरात हत्यारं आहेत, हाताला सवय आहे, पुण्याहून सामान मागवायला पैसे आहेत, त्या घरची होडी पुढे जाईल. काका उत्साही आहेत, त्यांच्या नातवाची होडी बहुधा सगळ्यात वेगवान असेल. तुम्हीही मागे राहणार नाही, तुमचं पत्र वाचूनच ते कळतं. आणि ज्या मासेमाराच्या मुलाला लाटा आणि वारा तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो, तो जड होडी घेऊन मागून येईल. मोकळ्या नियमात मुद्दा एवढाच तपासायचा असतो, की रचनेची स्पर्धा नक्की कोण खेळणार आहे. उत्तर 'बाप' असं येत असेल, तर मुलांच्या शर्यतीला तो नियम लावू नये.

दुसरी गोष्ट वेळेची. मुलाला रचना शिकायची असेल तर चूक लवकर कळली पाहिजे. आज केलं, उद्या पाण्यात टाकलं, परवा बदललं, असं. पूर्ण आकाराच्या होडीत हे चक्र वर्षाचं होतं. या हंगामात नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, फार बोथट झाली हे कळेपर्यंत आणि पुढच्या हंगामात नवी बांधेपर्यंत पोरगी वितभर उंच झालेली असते, वजन वाढलेलं असतं, आणि जुन्या होडीतून काय शिकलो ते ताडून पाहायची सोय उरत नाही.

आता सारख्या होड्यांची बाजू. तिचे समर्थक न्यायाचा मुद्दा मांडतात, खर्चाचा मांडतात, आणि दोन्ही ठीक आहेत. मला मात्र तिसरा मुद्दा मोठा वाटतो. होड्या सारख्या असल्या की हरण्याचं कारण सापडतं. दुपारी खारे वारे सुरू झाले, दोन मुली एकाच क्षणी सुरुवातीच्या रेषेवरून निघाल्या, एक किनाऱ्याकडे वळली, दुसरी खाडीच्या मधल्या प्रवाहात गेली. दहा मिनिटांनी एक वीस होड्यांच्या लांबीने पुढे आहे. होड्या सारख्या असतील तर मागच्या मुलीला प्रश्न पडतो: ओहोटीचं पाणी तिकडे कमी होतं का? वारा किनाऱ्याजवळ वळला का? मी वळायला उशीर केला का? होड्या वेगळ्या असतील तर तिला एकच उत्तर सुचतं, तिची होडीच फास्ट आहे. पहिली दोन-तीन वर्षं मुलं इतक्या चुका करतात की होडीच्या आकारामुळे पडणारा फरक त्यात बुडून जातो. पण तो फरक सबब म्हणून मात्र कायम हाताशी राहतो.

आणि 'साच्यातली होडी' म्हणजे करण्यासारखं काही उरलं नाही, असं नाही. तुमच्या मुलीला शिबिरात हे दाखवलं असेल. नसेल तर पुढच्या वेळी तिच्याबरोबर उभं राहून बघा. ऑप्टिमिस्टचं शीड चौकोनी असतं आणि त्याचं वरचं टोक एका तिरक्या काठीने, स्प्रिटने, उचलून धरलेलं असतं. ती ढिली असेल तर डोलकाठीजवळच्या वरच्या कोपऱ्यापासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत शिडात एक तिरपी सुरकुती पडते. जास्त ताणली तर सुरकुती उलट्या दिशेने पडते, शिडाच्या सगळ्यात उंच टोकाकडून पुढच्या खालच्या कोपऱ्याकडे. वारा वाढला की ताण वाढवायचा, पडला की सोडायचा. शीड डोलकाठीला बारीक दोऱ्यांनी बांधलेलं असतं. प्रत्येक दोरी किती घट्ट, यावर शिडाचं पोट किती फुगणार हे ठरतं, आणि तिथे हिशोब मिलिमीटरचा असतो. डोलकाठी किती मागे झुकवायची तेही हातात असतं. एवढं सगळं एका अकरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हाताने, पाच मिनिटांत, पाण्यावर बसून बदलता येतं आणि लगेच परिणाम दिसतो. वहीत चित्रं काढणाऱ्या मुलीची भूक भागवायला हे आधी द्या.

गंमत म्हणजे ऑप्टिमिस्ट स्वतः घरी बांधायची होडी म्हणूनच जन्मली. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर इथे क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्याने ती आखली. अट अशी होती की बाजारात मिळणाऱ्या आठ बाय चारच्या प्लायवुडमधून ती निघाली पाहिजे आणि बाप-लेकाला मिळून बांधता आली पाहिजे. म्हणून तिची नाळ टोकदार नाही, पेटीसारखी सपाट आहे. लांबी जेमतेम २.३ मीटर. पुढे ती डेन्मार्कमार्गे युरोपात आणि मग जगभर गेली, लाकडाची जागा फायबरने घेतली. मापांत जिथे थोडी ढील होती, तिथे हुशार बांधणाऱ्यांनी वेग शोधायला सुरुवात केली. १९९५ पासून हलचे, म्हणजे शीड-डोलकाठी सोडून उरलेल्या मूळ होडीचे, नियम आवळले गेले, ते त्यामुळे. आज तिचं हल ३५ किलोचं, कुठल्याही मान्यताप्राप्त बांधणाऱ्याकडचं, सारखंच. म्हणूनच जुनी ऑप्टिमिस्टही विकली जाते. तुमच्यासारख्या छोट्या क्लबला हा फायदा मोठा आहे: मूल पंधरा वर्षांचं झालं, ते वर्ष संपलं, की या वर्गातून, म्हणजे शर्यतीच्या होडीच्या या प्रकारातून, बाहेर पडावंच लागतं, आणि होडी पुढच्या मुलाला जाते.

होडी मुलाच्या मालकीची असण्याचीही गरज नसते. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए-४ या एकटीने चालवायच्या होडीच्या प्रकारात नेहा ठाकूरने रौप्यपदक मिळवलं. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली ही मुलगी भोपाळच्या तलावावर, अकादमीत शिकली. समुद्र तर सोडाच, घरात होडीचा संबंध नाही. होड्या संस्थेच्या, सगळ्या एका मापाच्या, आणि शिकवणारी माणसं तिथेच. मोकळ्या नियमाच्या वर्गात हे घडणं फार अवघड होतं, कारण तिथे आधी कुणीतरी घरी होडी बांधायला लागतं.

इतकं ऐकून ऑप्टिमिस्ट-तटाचे पालक खूश होतील, म्हणून त्यांच्यासाठीही दोन शब्द. सारखी होडी म्हणजे सारखी संधी नव्हे. होडीचं माप बांधता येतं, मुलाचं नाही. ऑप्टिमिस्टमध्ये साधारण ३५ ते ५५ किलोच्या मुलांचं बरं जमतं. त्याखालचं मूल जोराच्या वाऱ्यात होडी सरळ ठेवता ठेवता थकतं, आणि लवकर वाढलेली तेरा वर्षांची मुलगी हलक्या वाऱ्यात जागच्या जागी राहते, तिचं कौशल्य कितीही असो. शिवाय हल सारखं असलं तरी शीड, डोलकाठी, सुकाणूची पाती वेगवेगळ्या कंपन्यांची असतात. मापात राहून महाग घेता येतात. नॅशनल्सच्या जेटीवर उभे राहिलात तर कुठल्या मुलाचं शीड कोरं करकरीत आहे आणि कुणाचं तिसऱ्या वर्षाचं मऊ पडलेलं आहे, हे तुम्हाला आवाजावरूनही कळेल. पैशाला दार बंद करता येत नाही, फक्त अरुंद करता येतं.

आणखी एक. एकसारख्या होडीत तुम्ही बांधणाऱ्यावर आणि संघटनेवर अवलंबून असता. लेझर ही जगातली सगळ्यात कडक एकसारखी होडी समजली जायची. १९७० च्या आसपास ब्रूस कर्बीने आखलेली, ऑलिंपिकलाही असलेली. २०१९ मध्ये वर्गाची संघटना आणि एक मोठी बांधणी कंपनी यांचं बिनसलं, ट्रेडमार्क कंपनीकडे असल्याने होडीचं नावच बदलावं लागलं, आणि लेझरची आयएलसीए झाली. हल तेच, नाव वेगळं. तुमच्या गावात एवढं काही होणार नाही, पण एक सुकाणू तुटलं तर नवं कुठून, किती दिवसांत येणार, हा प्रश्न खरेदीआधी विचाराच. याच वर्गातली एक चांगली युक्ती मात्र उचलण्यासारखी आहे: हल एकच, पण शिडं तीन मापांची, ४.७ चौरस मीटरपासून ७.०६ पर्यंत. मूल वाढलं की खालची डोलकाठी आणि शीड बदलायचं, होडी नाही.

काकांची बाजू मी उडवून लावत नाहीये, हे त्यांनाही सांगा. मोकळ्या नियमाने शिडाच्या होड्यांचं जग खरोखर पुढे नेलंय. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातल्या इन्व्हरलॉक इथे १९२८ साली लेन मॉरिसने अकरा फुटी एक साधी होडी बांधली. त्यातून मॉथ नावाचा वर्ग तयार झाला. लांबी ठरलेली, शीड ठरलेलं, बाकी बहुतेक मोकळं. काकांच्या मनात आहे तसंच. पाऊणशे वर्षांनी त्याच नियमाखाली लोकांनी होडीला पाण्याखाली फॉइल, म्हणजे पंखासारखी पाती, लावली आणि होडी पाण्याबाहेर उचलून पळवली. कुठल्याही कडक वर्गात हे झालं नसतं; मापनाधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी परत पाठवलं असतं. न्यूझीलंडच्या जॉन स्पेन्सरचा बारा फुटी चेरब वर्गही असाच. हलक्या प्लायची होडी, आणि ती घरी बांधून चालवणारी तरुण पोरं. मात्र मॉथचं पुढे काय झालं तेही बघा. सगळं कार्बनचं झालं आणि जिंकणाऱ्या होडीची किंमत चांगल्या मोटारीइतकी झाली. तेव्हा ज्या अँड्र्यू मॅकडूगलने स्वतः आघाडीच्या मॉथ आखल्या होत्या, त्यानेच वॉस्प ही फॉइलवर उडणारी एकसारखी होडी काढली, तरुणांना परवडावी म्हणून. मोकळ्या नियमाचा माहीर माणूस मुलांकडे वळला तेव्हा त्याने नियम बंद केला, हे मला बोलकं वाटतं.

आता तुमच्या गावासाठी काय. मी तुमच्या जागी असते तर दोन्ही तटांपैकी कुणाचंच पूर्ण ऐकलं नसतं.

होड्या गावातच बांधा, पण सगळ्या एकाच आराखड्यावर आणि एकाच सांगाड्यावर, म्हणजे फळ्या ज्यावर बसवून आकार देतात त्या साच्यावर. आराखडा दोन मुलांच्या होडीचा निवडा, म्हणजे तुमच्या मुलीचंही काम झालं. असे आराखडे आहेत आणि जुने, पारखलेले आहेत. १९४७ मध्येच ब्रिटनमध्ये जॅक होल्टने आखलेली कॅडेट ही खास दोन मुलांसाठीची प्लायची होडी. त्याच होल्टने टीव्हीवर घरकामाच्या युक्त्या दाखवणाऱ्या बॅरी बकनेलबरोबर १९६२ मध्ये मिरर आखली. प्लायच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांधे काचेच्या पट्टीने आणि रेझिनने बंद करायचे, अशी. ७०,०००पेक्षा जास्त मिरर झाल्या, त्यातल्या कितीतरी घराच्या गॅरेजमध्ये. अधिकृत आराखडा विकत घ्या, कुणाच्या फोनमधली अर्धवट प्रत वापरू नका. आपल्याकडचा होडीचा सुतार कागदाशिवाय, डोळ्याच्या अंदाजाने फळी वाकवतो आणि उत्तम वाकवतो, पण त्यामुळे त्याच्या दोन होड्या कधी सारख्या होत नाहीत. म्हणून सांगाडा हवा. तो करताना काकांना सुताराबरोबर बसवा. काकांच्या अंगातल्या इंजिनिअरला यात खरं काम आहे: चार-पाच होड्या एका मापाच्या आणि एका वजनाच्या निघाल्या पाहिजेत, हे मोकळ्या हाताने एक सुंदर होडी बांधण्यापेक्षा अवघड आहे.

एवढं करूनही त्या तंतोतंत सारख्या निघणार नाहीत. त्यावर उपाय सोपा आहे. होड्या क्लबच्या ठेवा, कुठल्याही घराच्या नाही, आणि प्रत्येक शर्यतीनंतर मुलांनी होडी बदलायची. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या शर्यती अशाच चालतात. होड्या यजमान देतो, संघ आळीपाळीने फिरतात. चार होड्या, चार शर्यती, प्रत्येक जोडी प्रत्येक होडीत एकदा. एखादी होडी थोडी जड असेल तर ती सगळ्यांच्याच वाट्याला येते. शिवाय 'आमच्या होडीला ओरखडा कुणी पाडला' ही भांडणं निम्मी होतात, आणि मुलांना प्रत्येक वेळी नव्याने शीड लावून घ्यायला लागतं, ते वेगळंच.

याच्या जोडीला जुन्या दोन-तीन ऑप्टिमिस्ट घ्या, ज्या मुलांना एकट्याने शर्यतीला जायचं असेल त्यांच्यासाठी. नॅशनल्सची वाट त्याने उघडी राहते. ती वाट अकराव्या वर्षी बंद होते अशी जी भीती तुम्हाला वाटते, तिला फारसा आधार नाही. पुढे एनसीसीच्या नौदल विभागात मुलं दोघांच्या एंटरप्राइजवर बसतात, तीही जॅक होल्टचीच; सोळाव्या-सतराव्या वर्षी आयएलसीए आहे, दोघांच्या जलद होड्या आहेत. वाऱ्याशी जमलेलं मूल होडी बदलली तर काही आठवड्यांत रुळतं. वाऱ्याशी न जमलेल्याला वर्ग कुठलाही असो, सारखाच.

आणि वहीतली चित्रं? त्यांच्यासाठी मोकळा नियम ठेवा, पण फूटभर लांबीच्या होड्यांचा. एक पेटी करा, एक फूट लांब, अर्धा फूट रुंद. तिच्यात बसेल ती होडी चालेल, शीड काहीही, पाण्याखालचं पातं काहीही, थर्माकोल, प्लाय, शहाळ्याची करवंटी, काहीही. रविवारी सकाळी बांधायची, दुपारी देवळाच्या तळ्यात सोडायची. सरळ जात नसेल तर पातं मागे सरकवून पुन्हा. एका रविवारात तीन रचना करून बघता येतील आणि वडिलांनी हात घातला तर सगळ्यांना दिसेल. होडी वाऱ्याकडे तोंड का फिरवते, शिडाचा जोर आणि पाण्याखालच्या पात्याचा अडसर एकमेकांच्या कुठे असले पाहिजेत, हे मुलगी तळ्यात जितकं लवकर शिकेल तितकं लवकर मोठ्या होडीत शिकणार नाही.

पंधरा-सोळाच्या पुढची, दोन-तीन हंगाम शर्यती केलेली, हातात करवत धरता येणारी पोरं मागे लागली तर काकांचा नियम जरूर आणा. तेव्हा लांबी आणि शीड एवढ्यावर थांबू नका. सगळ्यात आधी होडीचं किमान वजन ठरवा. वजनाची खालची मर्यादा नसली की प्रत्येकजण फळी पातळ करत जातो, होडी महागते आणि पहिल्या धडकेत फुटते. हा एकच आकडा पैशाची शर्यत बरीचशी रोखतो. कार्बनला बंदी घाला. एका होडीला दोन हंगामांत एकच नवं शीड. उलटली तर बुडू नये इतकी हवाबंद जागा आत हवी, आणि ती मोजायची पद्धत सोपी: कंबरभर पाण्यात होडी मुद्दाम उलटी करायची, मुलांनी स्वतः सरळ करायची आणि पाणी उपसून पुन्हा निघायचं. ज्या होडीला हे जमत नाही ती शर्यतीला नाही. मापन करणारा माणूस असा हवा की ज्याचं मूल त्या वर्गात नाही. काकांचा नातू असेल तर काका नकोत, आणि हे त्यांना आत्ताच, प्रेमाने, कानावर घाला. छोट्या गावात मोकळे नियम मोडतात ते होडीवरून कमी आणि मापाच्या पट्टीवरून जास्त.

बांधणीच्या वेळेबद्दल एक. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असतात, मुलांना बाहेर जाता येत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं की जून ते ऑगस्ट बांधकाम उरकू. सांगाडा तेव्हा करा, फळ्या तेव्हा कापा, डोलकाठ्या तेव्हा घासा. सांधे मात्र चिकटवू नका. कोकणातल्या त्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर धरतो आणि पुढचा हात नीट बसत नाही. ओलं प्लाय आतल्या आत कुजायला लागतं. चिकटवणं आणि रंग दसऱ्यानंतर, कोरडी हवा पडली की. प्लाय मरीन घ्या, आयएस ७१० शिक्का बघून, आणि कापलेल्या फळीच्या कडा रेझिनने बंद केल्याशिवाय ठेवू नका, पाणी शिरतं ते तिथून. दिवाळीनंतर होड्या पाण्यात जातील आणि मेअखेरपर्यंतचा हंगाम मिळेल.

पैशाचं गणित मी इथे मांडत नाही, ते तुमच्या सुताराच्या मजुरीवर आणि जुन्या होड्या कुठे मिळतात त्यावर ठरेल. एकच सांगते: जमलेल्या पैशातून पहिली रक्कम लाइफ जॅकेट आणि इंजिन लावलेली एक बचाव-होडी यांच्यासाठी बाजूला काढा. उरेल त्यात किती होड्या बसतात ते बघा. पाच बसल्या तर पाच, तीन बसल्या तर तीन.

आणि फळी कापायच्या आधी मच्छीमार सोसायटीत जाऊन बसा. खाडीत जाळी कुठे, कुठल्या भरतीला लावलेली असतात, ट्रॉलर कुठल्या वाटेने येतात-जातात, रेतीचा दांडा यंदा कुठे सरकलाय, हे त्यांना विचारून कागदावर काढून घ्या. मुलांच्या शर्यतीचा मार्ग आणि वेळ त्यांच्याशी बोलून ठरवा. होडीचं खालचं पातं जाळ्यात अडकलं तर नुकसान दोघांचं होतं, आणि त्यांच्या मुलांना क्लबात घ्यायचं असेल, घ्यायलाच हवं, तर हे बोलणं होड्या आल्यावर करून चालणार नाही.